बारा बोर, छर्रे आणि बॉबकॅट : इलिनॉयमधला पहिला परवाना

देवगडकर_पिओरिया | १९ ऑक्टोबर २०२४

मंडळी, यंदा सोडतीत नाव लागलं. इलिनॉय राज्यात बॉबकॅटच्या (आखूड शेपटीचं अमेरिकी रानमांजर) शिकारीचे परवाने ठरावीक संख्येनेच निघतात. अर्ज करायचा, सोडत लागायची वाट बघायची आणि लागली तर त्या परवान्यावर एकच जनावर. तीन वर्षं अर्ज करत होतो. आता कागद हातात आला आहे आणि झोप उडाली आहे.

थोडी पार्श्वभूमी. देवगडला आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोर होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. आजोबांनी ती बहुतेक वेळा हवेतच उडवली, रानडुकरं आणि वांदर पिटाळायला. पण ती पुसायचं, तेल द्यायचं काम माझं होतं, आणि नळी लोकांकडे करायची नाही हा धडा तिथला. इथे आल्यावर शिकारीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं (१९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचं आहे), टर्की आणि फेझंट मारले, घरी शिजवून खाल्ले. केसाळ जनावरावर अजून कधी बार टाकलेला नाही.

जागा मिळाली आहे. फुल्टन काउंटीतल्या एका शेतकऱ्याने परवानगी दिली. मका-सोयाबीनची शेतं, मधून ओढा, आणि पलीकडे दगडी कोळशाच्या जुन्या उघड्या खाणींचे ढिगारे, आता त्यांवर झाडी माजली आहे. मांजर त्याच्या टर्कीची पिल्लं खातं अशी त्याची तक्रार.

रायफल माझ्याकडे नाही आणि घ्यायचीही नाही. बारा बोरची पंप-ॲक्शन बंदूक आहे. प्रश्न तीन : छर्रे कोणते, किती अंतरापर्यंत बार टाकावा, आणि बसावं कसं?

ज्यांना हे मुळातच पटत नाही त्यांनीही मोकळेपणी लिहावं. मी वाचेन.

---

गवताळ | १९ ऑक्टोबर

अभिनंदन! मी कॅन्ससमध्ये बारा हिवाळे हे करतो आहे. आधी सांग : नळीला चोक (छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारं नळीचं अरुंद तोंड) कोणता, आणि काडतुसं घरात कोणती पडली आहेत?

---

देवगडकर_पिओरिया | २० ऑक्टोबर

दादा, फुल चोक. टर्कीची पाच नंबरची काडतुसं आहेत, तीन इंची. दुकानदाराने चार नंबर बकशॉट घे म्हणून सांगितलं.

---

गवताळ | २० ऑक्टोबर

सविस्तर लिहितो, कारण इथेच माणसं चुकतात.

नंबरांचा घोळ पहिला. पाच नंबरचा छर्रा साधारण ३ मिमीचा. ‘चार नंबर बकशॉट’ ही वेगळीच जात, ६ मिमीची गोळी. तीन इंची काडतुसात त्या ४१ मावतात. या दोन टोकांच्या मध्ये दोन नंबर (३.८ मिमी) आणि बीबी (४.६ मिमी) येतात. कायोटीसाठी (इथलं कोल्ह्यासारखं जनावर) लोक बकशॉट वापरतात कारण तो जाड हाडापेराचा. बॉबकॅटची कातडी पातळ, हाडं बारीक. त्याला मोठी गोळी लागत नाही, त्याला छर्ऱ्यांची दाटी लागते.

आता दाटीचं गणित. फुल चोकचं माप असं मानतात की ४० यार्डांवर (साधारण ३७ मीटर) ३० इंची वर्तुळात निदान ७० टक्के छर्रे पडावेत. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण बॉबकॅटची छाती ३० इंची नसते. हिवाळ्यातली लव फुगलेली असते म्हणून जनावर दांडगं दिसतं. लव बाजूला काढ, आत साध्या मांजरापेक्षा जेमतेम दुप्पट अंग. छातीचा मर्मभाग तुझ्या तळहाताएवढा. ४१ गोळ्या त्या वर्तुळात विखुरल्या तर तळहातावर किती पडतील? कधी तीन, कधी एक, कधी एकही नाही. शिवाय फार आवळलेल्या चोकमधून बकशॉट काढला की गोळ्या एकमेकींवर आपटून वाकतात आणि जाळी आणखी फाटते.

म्हणून हे कर. खाटकाच्या दुकानात मिळतो तो कागदाचा रोल आण. त्यावर मांजराची बाजूने दिसणारी आकृती काढ, पण लवेसकट नाही, आतल्या अंगाची. छातीवर तळहात ठेवून रेघ मार. मग २०, ३०, ४० यार्डांवरून प्रत्येकी तीन बार, दर वेळी नवा कागद. बीबीने कर, दोन नंबरने कर, हवं तर दुकानदाराच्या बकशॉटनेही कर. तळहातात आठ-दहा छर्रे तिन्ही कागदांवर सापडतात तिथवर तुझ्या बंदुकीची हद्द. ती २८ निघाली तर २८. माझी ३४ आहे. शेजारच्याची ४० असली तरी मला तिचा उपयोग नाही, प्रत्येक नळी वेगळी टाकते.

स्टीलचे छर्रे घेतलेस तर चोकवर काय कोरलं आहे ते आधी वाच. जास्त आवळलेल्या चोकमधून जाड स्टील काढून नळी बिघडवू नये.

हे इतकं का सांगतो? दुसऱ्या हिवाळ्यात मी ५० यार्डांवर बार टाकला. मांजर उलटलं, उठलं, सीडरच्या गच्च झाडीत शिरलं. दोन तास रक्ताचे थेंब शोधले, मग बर्फ पडायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सापडलं नाही. ते कुठेतरी पोटात दोन छर्रे घेऊन मेलं असणार, आणि ते माझ्यामुळे. तेव्हापासून मी बसायच्या जागेभोवती पावलांनी अंतर मोजतो, हद्दीवर चार काटक्या रोवतो, आणि काटकीच्या पलीकडे जनावर असलं की बोट चापाला लावत नाही.

---

देवगडकर_पिओरिया | २१ ऑक्टोबर

दादा, हे दोनदा वाचलं. कागद आणतो. बारा बोर म्हणजे काय हे आजोबांना विचारलं होतं, तेव्हा ‘बारा म्हणजे बारा’ म्हणाले होते. इथे प्रशिक्षणात कळलं : एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा. साडेअठरा मिमी. आजोबांना सांगायचं राहून गेलं.

---

पाणवठा | २२ ऑक्टोबर

तुम्ही मोकळेपणी लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. मी जुन्नरकडची. ऊसतोडणीच्या दिवसांत आमच्याकडे फडात बिबट्याची, रानमांजराची, वाघाटीची पिल्लं सापडतात. आम्ही ती टोपलीत ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवतो आणि लांबून बघत बसतो. आई येते, एकेक तोंडात धरून नेते. तळहातावर मावणारं वाघाटीचं पिल्लू ज्याने धरलं आहे त्याला हा धागा वाचणं जड जातं.

भावना बाजूला ठेवून प्रश्न विचारते. तुमचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. वसंतात जन्मलेली पिल्लं तेव्हा सहा-सात महिन्यांची. ती आईपासून सुटलेली असतात का? नसतील तर आई मारल्यावर त्यांचं काय होतं? आणि नर-मादी लांबून ओळखता येते का?

---

शॉनीकाठ | २३ ऑक्टोबर

मी कार्बनडेलला वन्यजीवशास्त्र शिकते. पाणवठाताईंचे प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारे आहेत.

नर-मादी लांबून ओळखता येत नाही. नर सरासरी मोठा असतो, पण तरुण नर आणि प्रौढ मादी शेजारी ठेवली तरी फसायला होतं. वीण साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, गर्भ दोन महिन्यांचा, एप्रिल-मेमध्ये दोन ते चार पिल्लं. ती पहिल्या हिवाळ्यात कधीतरी आईपासून फुटतात, सगळी एकाच आठवड्यात नाही. म्हणजे नोव्हेंबरात काही आयांबरोबर पिल्लं असतात. ती शिकार करायला शिकलेली असली तरी आई असण्यात आणि नसण्यात त्या वयात फरक पडतो. हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून देवगडकर, दोन गोष्टी करता येतील. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आहे, तर नोव्हेंबर-डिसेंबर सोडून द्या आणि जानेवारीत जा. आणि मांजर दिसल्यावर त्याच्या मागे बघा. दुसरं आलं तर बंदूक खाली.

इतिहास थोडक्यात. जंगलतोड, शेती आणि बेबंद शिकार यांमुळे इलिनॉयमध्ये बॉबकॅट जवळजवळ दिसेनासा झाला होता. १९७७ साली तो राज्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला. दक्षिणेकडच्या शॉनीच्या जंगलात आणि नदीकाठच्या कड्यांवर तो टिकला, तिथून पुन्हा पसरला, आणि १९९९ साली यादीतून बाहेर आला. शिकार उघडली ती २०१६ मध्ये, तीही परवाने मोजून आणि साडेतीनशे जनावरांची कमाल मर्यादा घालून. चाळीसहून जास्त वर्षं बंदी होती म्हणून आज परवाना निघतो.

---

पाणवठा | २३ ऑक्टोबर

सरळ उत्तराबद्दल आभार. पण तुमच्याच उत्तरातून माझं म्हणणं पक्कं होतं. चाळीस वर्षं जपलं तेव्हा जनावर परत आलं, मग ते जपणं थांबवायचं कशाला? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून पुढच्या वर्षापासून बॉबकॅटची शिकार थांबवली. लोकसंख्येवर परिणाम होत नाही हे मान्य केलं तरी ते एक जनावर मरतंच. भूक भागवायला मारणं मी समजू शकते. कातड्यासाठी मारणं मला समजत नाही.

---

गवताळ | २४ ऑक्टोबर

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी मांस खातो, ते फिकट असतं, डुकराच्या जवळ जाणारं, पण केवळ मांसासाठी मी जात नाही हे खरं.

दुसरी बाजू एवढीच मांडतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने इथे लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. जमिनी विकत घेणं, गणना, संशोधन यांतला मोठा भाग त्यावर चालतो. कॅलिफोर्नियातच सँटा मोनिकाच्या डोंगरांत बॉबकॅट खरजेने मेले, आणि त्यांच्या अंगात उंदीर मारायच्या औषधांचे अंश सापडले. ती औषधं घराघरांत ठेवलेली होती. बंदूक हा एक शत्रू आहे, एकमेव नाही.

---

पाणवठा | २४ ऑक्टोबर

उंदराच्या औषधाबद्दल सहमत. आमच्याकडे घुबडं तशीच जातात.

---

नवा_ब्लूमिंग्टन | २ नोव्हेंबर

धागा आवडीने वाचतोय. मी एच-१बी वर आहे. मला बंदूक घेता येते का?

---

देवगडकर_पिओरिया | २ नोव्हेंबर

बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट आहे. ग्रीन कार्ड असेल तर ती मनाई लागू होत नाही. मात्र इलिनॉयमध्ये सगळ्यांनाच आधी राज्याचं एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगायचं ओळखपत्र) लागतं. व्हिसाचा मामला आहे, एका धाग्यावर विसंबू नका, पाय उचलायच्या आधी वकिलाला विचारा.

---

गवताळ | ७ नोव्हेंबर

कोलोरॅडोत परवा मतदान झालं. पहाडी सिंह आणि बॉबकॅटच्या शिकारीवर बंदी घालायचा प्रस्ताव १२७ पडला, साधारण ५५ टक्के विरोधात. बाजू कुठलीही असो, लोकांनी या प्रश्नावर स्वतः मत दिलं याचं मला बरं वाटलं.

देवगडकर, कागदाचं काय झालं?

---

देवगडकर_पिओरिया | १० नोव्हेंबर

दादा, अठरा बार टाकले, खांदा निळा झालाय. बकशॉट ३० यार्डांवरच फाटला. एका कागदावर तळहातात दोन, दुसऱ्यावर शून्य. बीबी ३० ला छान, ४० ला एका कागदावर चारच. मधे ३५ ला पुन्हा करून बघितलं, नऊ, अकरा, आठ. म्हणून माझी हद्द ३५ आणि काडतूस बीबी. पहिला कागद गॅरेजमध्ये लावून ठेवला आहे. मांजराच्या आकृतीवर छर्रे चहूबाजूंनी आहेत आणि छाती मोकळी आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, काय नेम!

बसण्याबद्दल सांगाल?

---

गवताळ | १० नोव्हेंबर

बसणं हेच मोठं काम. कायोटी नाकावर जगतो, बॉबकॅट डोळ्यांवर आणि कानांवर. वाऱ्याची काळजी थोडी कमी केली तरी चालते, हालचालीची अजिबात नाही. पाठीला बुंधा, तोंडावर जाळी, हातात मोजे, बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवलेली. सशाचा आर्त आवाज काढणारी शिट्टी येते, ती वाजव, पण कायोटीसारखं पंधरा मिनिटांत उठू नकोस. मांजर दहा पावलं येतं, बसतं, विचार करतं, पुन्हा दहा पावलं. निदान पाऊण तास. आवाजात मोठे खंड पडले की त्याचं लक्ष उडतं. आणि समोर वीस पावलांवर काटकीला दोऱ्याने टर्कीचं एक पीस बांध. वाऱ्याने ते हललं की त्याची नजर तुझ्यावर येत नाही.

चालत जाताना-येताना नारिंगी टोपी घाल. झुडपात सशाचा आवाज काढणारा माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला ससाच वाटतो.

---

सुई_दोरा_डॉक्टर | १२ नोव्हेंबर

पशुवैद्य आहे, एक महत्त्वाची सूचना. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं चक्र मार्जारकुळातच पूर्ण होतं. सोलताना रबरी मोजे घाला, आतड्यांना हात लावलेल्या सुऱ्या वेगळ्या ठेवा, घरात कुणी गरोदर असेल तर तिने जवळ येऊ नये. मांसात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो, म्हणून आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस होईस्तोवर शिजवा. अर्धं कच्चं नको.

आणि कातडं भारतात न्यायचा विचार असेल तर तो सोडा. बॉबकॅट साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, निर्यातीचा परवाना लागतो. भारताच्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या प्रजाती आल्या आहेत.

---

देवगडकर_पिओरिया | २७ जानेवारी २०२५

मंडळी, उशीर झाला. शॉनीकाठ यांचं ऐकून जानेवारीपर्यंत थांबलो.

चार वेळा गेलो. पहिल्या दोन सकाळी काहीच नाही, फक्त ओढ्याच्या बर्फावर गोल ठसे, नखांची खूण नसलेले, मागचा पाय पुढच्याच ठशात टाकत गेलेले. तिसऱ्या दिवशी तेराव्या मिनिटाला मांजर दिसलं. खाणीच्या ढिगाऱ्यावर ओंडक्यामागे नुसतं डोकं. काटकीच्या खूप पलीकडे, साठ यार्ड असेल. ते तिथे बसून राहिलं. मी शिट्टी वाजवत होतो, ओठ बधिर झाले होते. मग मी पापणी लववली असेन-नसेन, आणि ओंडक्यामागे काहीच नव्हतं. घरी येताना मी गाडीत मोठ्याने आजोबांशी बोलत होतो, हे बायकोला सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

चौथ्या संध्याकाळी उजेड जायला वीस मिनिटं होती. ते उजवीकडून आलं, जिकडे मी बघतच नव्हतो. आधी पीस हललं म्हणून नजर तिकडे गेली आणि पिसाच्या मागे ते उभं. त्याचं लक्ष पिसावर, आखूड शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. कानांमागचे पांढरे ठिपके स्पष्ट. मी त्याच्या मागे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. दुसरं नव्हतं. मनात वीसपर्यंत मोजलं. ते आडवं वळलं तेव्हा चाप ओढला.

तिथेच बसलं आणि कलंडलं. पावलांनी मोजलं, सव्वीस.

जवळ जाऊन गुडघ्यावर बसलो. हात लावला तर माझा पंजा लवेत बुडाला आणि आत इतकं थोडं अंग होतं की मी घाबरलो. मादी होती. वजन ११ पौंड, म्हणजे पाच किलो. काटकीजवळ उभं असताना मला ते याच्या दुप्पट वाटलं होतं.

पाणवठाताई, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो. आनंद झाला आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही खरं होतं. मोजे घालून सोललं. मांस आलं-लसणात मुरवून कुकरला चांगलं शिजवलं, आम्ही तिघांनी खाल्लं. कातडं कमवायला दिलंय. ते घरातच राहील.

---

गवताळ | २७ जानेवारी

स्वच्छ बार. छातीत किती लागले?

---

देवगडकर_पिओरिया | २७ जानेवारी

तेरा मोजले, नऊ आरपार नव्हते. कातड्याला भोकं बारीकच आहेत, कमावणारा म्हणाला टाके दिसणार नाहीत.

---

शॉनीकाठ | २८ जानेवारी

पोट आणि खालचा जबडा टाकला नसेल तर दोन गोष्टी बघा. पोटात काय होतं, आणि सुळ्याच्या मुळाचं टोक उघडं आहे की बंद. उघडं असेल तर जनावर एका वर्षाच्या आतलं.

---

देवगडकर_पिओरिया | २ फेब्रुवारी

पोट शीतपेटीत ठेवलं होतं, ते उघडलं. सशाची लव आणि लहान उंदरांसारखे सांगाडे, चार तरी. पक्ष्याचं एकही पीस नाही. शेतकऱ्याला फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, मक्याच्या कोठाराजवळ यंदा उंदीर फार आहेत.

जबडा उकळून सुळा काढला. टोक उघडं आहे, सुई आत जाते.

---

पाणवठा | २ फेब्रुवारी

म्हणजे ती गेल्या वसंतातली होती.

---

देवगडकर_पिओरिया | २ फेब्रुवारी

हो ताई. मी मागे आई-पिल्लं शोधत होतो, आणि समोर उभं होतं ते पिल्लूच. साठ यार्डांवर जिला सोडलं ती कदाचित मोठी असेल, सांगता येत नाही. पुढच्या वेळी कागदावर आकृती काढताना दोन काढीन, प्रौढ आणि वर्षाच्या आतलं, शेजारी शेजारी, त्याच काटकीच्या मापाने. फरक डोळ्यात बसला पाहिजे.

---

शॉनीकाठ | ३ फेब्रुवारी

त्यासाठी लवेवर जाऊ नका. पायांची जाडी आणि डोक्याची रुंदी बघा. तेही चुकतं, पण कमी चुकतं. जबडा टाकू नका, मला हवा आहे.

---

देवगडकर_पिओरिया | ९ फेब्रुवारी

जबडा कुरिअरने पाठवला.

काल पुन्हा त्या ओढ्यावर गेलो होतो, बंदूक न घेता. रात्री ताजं बर्फ पडलं होतं. पिसाची काटकी अजून तिथेच आहे. तिच्यापासून हातभरावर ठसे होते, येऊन थांबलेले, मग वळलेले. मोजपट्टी नेली होती. रुंदी पाच सेंटिमीटरच्या थोडी वर. तिथून ते ओढा ओलांडून खाणीच्या ढिगाऱ्याकडे गेले होते.